बुलेटवरून कधी उतरायचे?

मागच्या महिन्यात एका सकाळी आमचे गुरुजी दवाखान्यात आले. ताप नाही, खोकला नाही, आणि नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रातल्या बातमीवर वाद घालायलाही आलेले नव्हते. त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, सही पाहिजे." तो वाहन परवान्याच्या नूतनीकरणाचा वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना होता, म्हणजे फॉर्म १-अ.

वाचकांपैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांना हा कागद ठाऊक असेल. चाळीस वर्षांनंतर लायसन्स नवे करून घ्यायचे तर डॉक्टरची सही लागते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांपुढच्या माणसाला लायसन्स एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळते. गुरुजींचे वय ७१. तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले, आणि त्यातली बहुतेक वर्षे बुलेटवरून. त्यांची गाडी गावात येण्याआधी तिचा आवाज येत असे आणि पोरे रांगेत उभी राहत, असे त्यांचे जुने विद्यार्थी आजही सांगतात.

या फॉर्मवर डॉक्टरला काय विचारलेले असते? दृष्टीत दोष आहे का, असल्यास चष्म्याने सुधारतो का. लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या नंबरप्लेटवरचा क्रमांक वाचता येतो का. हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का. रातांधळेपणा आहे का. हातापायांत काही व्यंग आहे का. मी गुरुजींना गल्लीत नेले आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या गाडीचा नंबर वाचायला लावला. चष्मा लावून त्यांनी एमएच ३२ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत खडखडीत वाचला. रंग ओळखले. ऐकू चांगले येते.

सही करणार तेवढ्यात सहज विचारले, "गुरुजी, एवढ्यात गाडीवर काही त्रास?"

"त्रास काही नाही. फक्त हल्ली गाई-म्हशी फार अंगावर येतात. कुठून येतात कळतच नाही. एकदम समोर!"

पेन मी तसेच खाली ठेवले. ते का, हे पुढे सांगतो. पण मी सही लांबणीवर टाकतो आहे हे पाहून गुरुजी जे बोलले ते आधी सांगितले पाहिजे, कारण हा लेख त्यातूनच निघाला. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही पडलात तेव्हा तुमचे लायसन्स कोणी अडवले होते?"

गोष्ट खरी आहे. दोन वर्षांपूर्वीची. मी स्वतः १९८८ पासून बुलेट चालवतो. सुरुवातीच्या वर्षांत देवळी, सेलू, समुद्रपूरकडच्या कितीतरी गावांत रात्री-बेरात्री याच गाडीवर व्हिजिटला गेलो आहे. त्या दिवशी सौभाग्यवतींना मागे बसवून केळझरच्या गणपतीला गेलो होतो. परत येताना पेट्रोल भरण्यासाठी गाडी वळवली. पंपाच्या तोंडाशी थोडा उतार होता आणि बारीक गिट्टी पसरलेली होती. गाडी थांबली, मी डावा पाय टेकवला, पाय सरकला आणि गाडी कलू लागली. कललेली गाडी पूर्वी मी शेकडो वेळा मांडीच्या जोरावर परत उभी केली असेल. त्या दिवशी मांडीने नकार दिला. गाडी हळूहळू, अगदी सावकाश, आडवी झाली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. सौभाग्यवतींनी पडताना हात टेकवला आणि त्यांचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी गिट्टीची हकीकत सांगत असे. एके दिवशी पाहुणे गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, गिट्टी तर दरवर्षी असते. यंदाच काहून पडलो आपण?"

वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर यायला हवे होते. ते द्यायला मला दोन वर्षे लागली.

मोठ्या मोटारसायकलचा धोका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेग येतो. तरुणांच्या बाबतीत ते बरोबर आहे. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांत शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. त्यांतल्या कित्येकांचा वेगाने घात केला. परंतु साठी उलटलेला बुलेटवाला सहसा वेगात नसतो. तो चाळीस-पन्नासच्या पुढे जात नाही आणि त्याचा त्याला अभिमानही असतो. त्याच्या बाबतीत प्रश्न असतो वजनाचा. नव्या बुलेटचे वजन १९० किलोच्या वर आहे. जुनी थोडी हलकी, तरी दीडशे किलोच्या पुढेच. चालती गाडी स्वतःचा तोल स्वतः सांभाळते, तुम्हाला तिचे वजन कळतही नाही. ती थांबली की तो तोल तुमच्या एका पायावर येतो. सरळ उभी असेल तोवर ठीक. थोडी कलली की भार झपाट्याने वाढतो, आणि एका मर्यादेपुढे पहिलवानालाही ती आवरत नाही. ती मर्यादा यायच्या आत, सेकंदाच्या एखाद्या भागात, मांडी आणि नितंबाच्या स्नायूंनी जोर लावायचा असतो. म्हणूनच वयस्कर माणसाची मोठी गाडी पडते ती बहुधा उभी असताना, वळवताना, घराच्या फाटकात, सिग्नलला किंवा पेट्रोलपंपावर. लोक अशा पडण्याला अपघात मानत नाहीत, हसण्यावारी नेतात. माझ्या मते हीच पहिली सूचना असते, आणि ती जो ऐकतो त्याला दुसरी मिळायची वेळ येत नाही.

आता हे स्नायूंचे प्रकरण काय आहे ते पाहू. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे प्रमाण साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही जोर घटतो तो स्नायूंपेक्षा लवकर, आणि झटक्यात जोर लावण्याची शक्ती त्याहूनही लवकर. बुलेट सावरायला नेमकी तीच लागते. शेतात दिवसभर राबणारा माणूस सत्तरीतही पोते उचलील, पण सरकलेला पाय अर्ध्या सेकंदात सावरणे हे वेगळे काम आहे. गुडघ्यांची झीज असेल तर दुखण्याच्या भीतीने माणूस नकळत त्या पायावर भार टाकत नाही. आणि मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होतात. पाय ब्रेकवर आहे की ब्रेकच्या बाजूला, हे बुटातून कळत नाही.

ब्रेकवरून जुन्या बुलेटवाल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या पिढीच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आताच्या गाड्यांना नेमके उलटे. कित्येक मुले कौतुकाने वडिलांना सेल्फ-स्टार्टची नवी बुलेट घेऊन देतात, कारण किक मारणे जमत नाही. हेतू चांगला आहे. पण तीस-पस्तीस वर्षे डाव्या पायाने ब्रेक दाबलेल्या माणसाचा पाय, समोर अचानक कुत्रे आले की, जुन्याच जागी जातो. शांतपणे चालवताना नवी सवय लागलेली असते, पण घाबरल्यावर शरीर जुनी सवय शोधते, आणि वय वाढेल तशी नवी सवय पक्की व्हायला वेळ लागतो. (येझदीवाल्यांनी हसू नये. किकचाच गिअर करणारी ती गाडीही काही कमी विचित्र नव्हती.)

प्रतिक्रियेला लागणारा वेळही वाढतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. ब्रेक दाबायला तरुणपणापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला तर गाडी ब्रेक लागण्यापूर्वीच आठ मीटर अधिक पुढे गेलेली असते. आठ मीटर म्हणजे कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची लांबी धरा. आपल्याकडे कापसाच्या हंगामात अंधार पडल्यावर हिंगणघाटच्या रस्त्याने जो गेला आहे, त्याला मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्यांविषयी मी वेगळे सांगायला नको.

आणि अंधार. साठीच्या डोळ्याची बाहुली अंधारात तरुणाइतकी मोठी होत नाही, आतले भिंग पिवळसर होते, त्यामुळे विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या पडद्यावर पोचतो. समोरून प्रखर दिव्यांची मोटार गेली की त्यानंतरचे काही क्षण माणूस आंधळेपणाने गाडी चालवत असतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर त्याहून जास्त वेळ. दिवसा २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येणे आणि रात्री रस्ता दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता गुरुजींच्या गाई-म्हशींकडे येऊ. गुरांना एकाएकी पंख फुटत नाहीत. ती बाजूनेच चालत येतात आणि निरोगी डोळ्याला ती बाजूनेच दिसू लागतात. ज्याला ती "एकदम समोर" दिसतात, त्याची बाजूची नजर गेलेली असण्याचा संभव असतो. मी गुरुजींना समोर बसवले, माझ्या नाकाकडे पाहायला सांगितले आणि बाजूने बोटे हलवत आत आणली. माझे बोट मला दिसू लागल्यानंतर बऱ्याच वेळाने त्यांना दिसले. त्यांना सेवाग्रामच्या रुग्णालयात नेत्रविभागात पाठवले. काचबिंदू निघाला. या रोगात बहुधा डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसते. कडेकडेने मात्र नजर चोरली जाते. गेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली टिकवता येते. लायसन्सच्या कागदाने त्यांचे डोळे तपासायला लावले हा त्यांचा फायदाच झाला. पण सही मी केली नाही. चाळीस वर्षांच्या स्नेह्याला "नाही" म्हणणे सोपे नसते. ते उठून गेले तेव्हा नमस्कार न करता गेले.

कोणी म्हणेल, मग साठी झाली की सरळ गाडी विकून टाकावी. तसे मी मुळीच म्हणणार नाही. घाईने उतरवलेली माणसेही मी पाहिली आहेत. मुलाने किल्ली लपवली, म्हाताऱ्याचे शेतावर जाणे बंद, चौकात बसणे बंद, सहा महिन्यांत माणूस खाटेला लागला. शिवाय कधी कधी दोष वयाचा नसतो, गोळीचा असतो.

देवळीकडचे एक शेतकरी, वय ६४, दोन वर्षांपूर्वी खांदा धरून आले. "गाडी सलीप झाली डाक्टर साहेब. गाडीचा काही कसूर नाही, रस्ताच तसा आहे जी." सोबत आलेल्या मुलाने हळूच सांगितले की तिथे रस्ता सरळ आणि कोरडा होता. मग विचारत गेलो. सकाळी साखरेची गोळी घेऊन कापूस विकायला हिंगणघाटला गेले होते. नंबर लागायला दुपार झाली. जेवण नाही, दोन वेळा चहा. तोही बिनसाखरेचा! परत येताना संध्याकाळी घाम फुटला, डोळ्यांपुढे धूसर झाले, आणि पुढचे आठवत नाही. ती साखर उतरल्याची लक्षणे होती. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवले की असे होऊ शकते, आणि वयस्कर माणसात काही गोळ्यांचा असर जास्त वेळ टिकतो. त्यांची गोळी बदलली, खिशात गूळ-फुटाण्याची पुडी ठेवायला सांगितली आणि उपाशीपोटी गाडीला हात लावायचा नाही असे बजावले. खांदा बरा झाल्यावर ते पुन्हा दिवसा गाडी चालवू लागले. त्यांची गाडी सोडवणे चुकीचे झाले असते.

तेव्हा गाडीला दोष देण्यापूर्वी औषधाचा डबा उघडून पाहावा. सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन झोप आणते. झोपेसाठी रात्री घेतलेल्या अल्प्राझोलामचा अंमल सकाळीही उरतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीच्या त्रासासाठी पुरुषांना दिल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी उठल्याबरोबर चक्कर येते. नवीन सुरू केल्यावर पहिले काही दिवस विशेष जपावे. आणि हृदयरोगासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही किरकोळ समजू नये. बाहेर जखम नसली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण आत हळूहळू रक्त साचू शकते. अर्थात कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ज्या डॉक्टरने दिली त्यालाच विचारायचे.

आपला उन्हाळा हे एक स्वतंत्र संकट आहे. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा गाडीवर लागणारा वारा गार नसतो, भट्टीचा असतो. घाम लगेच वाळून जातो म्हणून किती पाणी गेले ते कळत नाही, आणि वयाबरोबर तहानेची जाणीवही कमी होते. एप्रिल-मेमध्ये साठीपुढच्या माणसाने सकाळी दहानंतर लांबचा प्रवास गाडीवर करू नये. यावर घरोघरी वाद होतील याची मला कल्पना आहे.

आता मुद्द्याचे. थांबायची वेळ आली हे ओळखावे कसे? मी रुग्णांना आणि स्वतःलाही काही साध्या परीक्षा देतो.

भिंतीजवळ उभे राहा, शेजारी कोणाला तरी उभे करा, आणि आधार न घेता एका पायावर दहा सेकंद उभे राहून दाखवा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या सुमारे सतराशे लोकांना हेच करायला लावले होते, तर पाचांतल्या एकाला जमले नाही. ज्याला जमत नाही त्याने दीडशे किलोंची गाडी एका पायावर तोलू नये, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा!

दुसरी परीक्षा खुर्चीची. हात छातीवर बांधून साध्या खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठता-बसता येते ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला निदान चौदा वेळा आणि पासष्ट ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला निदान बारा वेळा यायला हवे. मागच्या वर्षी, सहासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा केले तेव्हा माझे अकरा झाले. लाज वाटली. मग रोज सकाळी आणि संध्याकाळी खुर्चीवर उठबस सुरू केली, दोन महिन्यांनी तेरा झाले. म्हणजे ही परीक्षा नापास झाली तर पुन्हा बसता येते. तालमीची सवय ज्यांची सुटलेली नाही त्यांना हे पटेल.

तिसरी परीक्षा प्रत्यक्ष गाडीची. टाकी भरलेली असताना, कोणाची मदत न घेता, बुलेट मेन स्टँडवर तीनदा चढवता-उतरवता येते का? अंगणातल्या थोड्या चढावरून ती पायाने मागे ढकलत बाहेर काढता येते का? हे करताना धाप लागते का, किंवा दोन पावलांनंतर थांबावे लागते का? आणि शेवटी, गाडीवर बसून मान वळवून मागे उभ्या माणसाने किती बोटे वर केली आहेत ते सांगता येते का? मानेच्या मणक्यांच्या त्रासाने अनेकांची मान वळतच नाही. ते केवळ आरशाच्या भरवशावर उजवीकडे वळतात. काही जण मान दुखते म्हणून हेल्मेटही सोडून देतात. त्यांनी आयएसआय शिक्क्याचे वजनाला हलके हेल्मेट घ्यावे. ते घालूनही मान सोसत नसेल तर गाडी सोडावी. हेल्मेट सोडणे हा उपाय नव्हे.

परीक्षेखेरीज काही खुणा असतात. ओळखीच्या वळणावर अंदाज चुकणे, गाडीवर नवे ओरखडे दिसणे, मागून येणाऱ्यांनी वारंवार हॉर्न वाजवणे, घरी पोचल्यावर खांदे आखडलेले असणे. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे मागे बसायला घरचे लोक काहीतरी निमित्त काढून टाळू लागतात. सुनेला अचानक ऑटोच बरा वाटू लागतो. तिला विचारावे, ती खरे सांगेल.

माझा अनुभव असा की मोठी गाडी एका दिवसात सोडू नये, टप्प्याटप्प्याने सोडावी. पहिल्यांदा रात्र सोडायची. मग मागे माणूस बसवणे सोडायचे. आपण पडलो तर आपले नशीब, पण दुसऱ्याचे मनगट आपल्या हौसेपायी का मोडावे? मग पावसाळा आणि नागपूरचा हमरस्ता. मग वजन. हलकी दुचाकी घेतली तर पुष्कळ वर्षे निघतात. बिनगिअरची स्कूटर साधारण शंभर-एकशे दहा किलोंची, आणि शेतकरी मंडळी वापरतात ती टीव्हीएस एक्सएल नव्वदच्या आतली. मात्र स्कूटरची चाके लहान, आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत ती बुलेटच्या मोठ्या चाकांपेक्षा जास्त आदळते. तेव्हा हलकी म्हणजे निर्धोक असे समजू नये. काचबिंदूने बाजूची नजर गेली असेल, न सांगता चक्कर किंवा फिट येत असेल, पायांत जाणीव उरली नसेल, तर मात्र टप्पे नाहीत. तिथे आजच थांबायचे.

घरच्यांसाठी दोन शब्द. किल्ली लपवू नका. वडिलांना "तुमचे वय झाले" हे वाक्य तर मुळीच ऐकवू नका. त्याने एकही माणूस गाडीवरून उतरलेला मी पाहिला नाही. त्यांनी रोज कुठे कुठे जायचे असते ते विचारा आणि तिथे ते कसे जातील ते आधी ठरवा. शेतावर कोण सोडणार? बुधवारी बाजाराला कोण नेणार? याची उत्तरे तयार नसतील तर गाडी सोडा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गुरुजी तीन आठवड्यांनी परत आले. एसटीने. महामंडळाच्या बसमध्ये पासष्टपुढे अर्धे तिकीट लागते आणि २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट आहे. "चार वर्षांनी फुकट होणार," असे त्यांनी बसल्याबसल्या सांगितले. राग उतरला होता, किंवा त्यांनी तो स्टँडवर ठेवला होता. डोळ्यांत थेंब नियमित टाकतात. मग पवनारचा विषय निघाला. गुरुजी तरुणपणी आश्रमात जात असत. म्हणाले, "डॉक्टर, विनोबा १९५१ पासून जवळजवळ तेरा वर्षे पायी फिरले. चालणे हेच त्यांचे व्रत. पण १९६५ ला बिहारमध्ये शरीर साथ देईना तेव्हा मोटारीत बसले. आणि १९७० ला पवनार सोडायचेच नाही असे ठरवून टाकले. आपली तर नुसती गाडी आहे." थोडे थांबून ते म्हणाले, "पण सांगतो, आवाज कानात येतो अजून."

त्यांची बुलेट त्यांच्या एका विद्यार्थ्याने घेतली. गुरुजींनी त्याला पहिल्याच दिवशी अ‍ॅम्पिअरचा काटा मध्यावर आणून डिकम्प्रेशन कसे दाबायचे आणि मग किक कशी मारायची याचा तासभर पाठ दिला म्हणतात.

राहता राहिलो मी. पुढच्या महिन्यात मला सदुसष्ट पूर्ण होतात आणि माझे लायसन्सही तेव्हाच संपते. माझा फॉर्म मीच भरू शकत नाही, आणि कोणा मित्राकडून चहा पिता पिता सही घेणे हेही आता मनाला पटत नाही. म्हणून माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या एका डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेतली आहे. पेट्रोलपंपावरची हकीकत फॉर्ममध्ये विचारलेली नाही, तरी ती मी त्यांना फोनवर आधीच सांगून ठेवली आहे. गिट्टीचा उल्लेख केला नाही. खुर्चीवर तेरा होतात, एका पायावर दहा सेकंद उभा राहतो, मान वळते. मेन स्टँडला मात्र तिसऱ्या वेळी कंपाउंडरला हाक मारावी लागते. रात्री मी चालवत नाही आणि मागे कोणाला बसवत नाही, याला आता दोन वर्षे झाली.

तोवर बुलेटची किल्ली कंपाउंडरच्या ड्रॉवरमध्ये आहे. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी तो गाडी पाच मिनिटे चालू करून ठेवतो. मी शेजारी उभा राहून काटा पाहतो.